तक्त्यातल्या आकड्यापासून नदीकाठच्या बाटलीपर्यंत

माझा तिसरा शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला, तेव्हा त्यांनी फार काही लिहिलं नव्हतं. एकच प्रश्न होता. गोषवाऱ्यात रामकुंडाच्या पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनची सरासरी एक दिली आहे, तिसऱ्या तक्त्यात दुसरी, खरी कोणती? फरक लिटरला 0.3 मिलिग्रॅमचा होता. मला उत्तर देता येईना. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेली’ अशा सात एक्सेल फाइली उघडून बसले आणि अकराव्या दिवशी उलगडा झाला. पावसाळ्यातल्या तीन बाटल्यांत हवेचा बुडबुडा राहिला होता, म्हणून ते नमुने मी मागाहून वगळले होते. तक्ता नव्याने केला. गोषवारा त्याआधीच लिहून झाला होता, तो तसाच राहिला.

तेव्हापासून मी शोधनिबंध वर्डमध्ये लिहायला घेत नाही. तयार साचा घेते, ज्यात मजकूर, आकडेमोड, आलेख आणि संदर्भ एकाच ठिकाणी राहतात आणि एका आज्ञेसरशी सगळा निबंध पुन्हा तयार होतो. गेली काही वर्षं माझ्या विद्यार्थ्यांनाही तसंच शिकवते. हे लिखाण त्यांच्यासाठी, आणि जिल्ह्यातल्या लहान महाविद्यालयांत एकट्याने संशोधन करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

मी नाशिकला पर्यावरणशास्त्र शिकवते. आमचे नमुने गोदावरीचे असतात: गंगापूर धरणाच्या खाली, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन आणि दसक. 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये आहे. त्यानंतर कोणीतरी विचारणारच, की आधी नदी कशी होती. तेव्हा आमच्या तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं, तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर, कोणत्या बाटलीतून आला इथपर्यंत मागे जाता आलं पाहिजे. साचा मला हवा आहे तो त्या वाटेसाठी. सुबक पीडीएफ मिळते ती वरकड.

एक फरक आधी स्पष्ट करते, कारण विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने 2019 च्या अहवालात तो नीट मांडला आहे. तोच डेटा आणि तीच आकडेमोड घेऊन तेच उत्तर येणं ही एक गोष्ट. नव्याने नमुने घेऊन तसाच निष्कर्ष निघणं ही दुसरी. दुसरी आपल्या हातात पूर्णपणे नाही, नदी दरवर्षी वेगळी असते. पहिली मात्र शंभर टक्के आपल्या हातात आहे, आणि साचा तिच्यापुरताच आहे.

मोठ्या लोकांकडूनही हे निसटतं. अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा 2010 चा निबंध जगभर उद्धृत झाला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्ट इथला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यांची एक्सेल फाइल घेऊन तीच आकडेमोड करायला बसला, तेव्हा दिसलं की एका सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी आल्याच नव्हत्या. वीस देशांपैकी पाच देश बाहेर राहिले होते. निबंधात इतरही त्रुटी होत्या, पण ही फक्त फाइल हातात आल्यामुळे सापडली. छापलेल्या निबंधात ती दिसणं शक्यच नव्हतं.

साचा कोणता घ्यावा

मी क्वार्टो वापरते. पॉझिट या कंपनीने तो 2022 मध्ये आणला, मोफत आहे, आणि त्यात आर, पायथन, ज्युलिया या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी काहीही चालतं. माझे विद्यार्थी आर शिकलेले असतात, म्हणून पुढची उदाहरणं आरची आहेत. आधीपासून आर मार्कडाउन वापरत असाल तर सगळं ओळखीचं वाटेल. खगोलशास्त्रज्ञांनी केलेला मॅनीएज नावाचा साचा याहून कडक आहे. तो लागणारी सॉफ्टवेअरसुद्धा मूळ कोडपासून स्वतः बांधून घेतो. तत्त्व म्हणून मला तो फार आवडतो, पण पहिल्याच निबंधाला घेऊ नका. शिकण्यातच सत्र संपेल.

आर, आरस्टुडिओ आणि क्वार्टो ही तीन सॉफ्टवेअर बसवा. मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘क्वार्टो इन्स्टॉल टायनीटेक’ ही आज्ञा द्या. पीडीएफसाठी लागणाऱ्या लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती त्याने बसते. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या. पहिल्यांदा पीडीएफ काढताना इंटरनेट चालू ठेवा, कारण राहिलेली पॅकेजेस तेव्हा आपोआप उतरतात.

आता एक रिकामं फोल्डर करा. नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवरच्या ‘पेपर नवीन (2)’ मध्ये काम सुरू केलेल्या दोन विद्यार्थिनींची दुपार लाटेकच्या चुका वाचण्यात गेली होती. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘क्वार्टो यूज टेम्प्लेट’ आणि त्यापुढे ‘क्वार्टो-जर्नल्स’, तिरपी रेघ, ‘एल्सेव्हिअर’ असं लिहा. एल्सेव्हिअर हे नियतकालिकांच्या प्रकाशकाचं नाव. तुमचं नियतकालिक प्लॉसचं किंवा अमेरिकन केमिकल सोसायटीचं असेल तर शेवटचा शब्द त्याप्रमाणे बदलेल. साच्याच्या कर्त्यांवर विश्वास आहे का, असं तो विचारेल. होकार दिला की फाइली उतरतात. मुख्य फाइलीला तुमच्या फोल्डरचंच नाव मिळतं आणि तिचं शेपूट ‘क्यूएमडी’ असतं. शेजारी संदर्भांची फाइल आणि ‘एक्स्टेन्शन्स’ नावाचं फोल्डर असतं. त्या फोल्डरला हात लावायचा नाही.

आणि इथे थांबायचं. एक अक्षरही न बदलता आधी तो साचा जसा आला तसा चालवून, म्हणजे रेंडर करून, पाहा. नमुन्याचा मजकूर भरलेली पीडीएफ निघाली, की यंत्रणा धड आहे. यानंतर जी चूक येईल ती आपण केलेल्या बदलामुळे आलेली असेल आणि शोधायची जागा लहान राहील. आपला पूर्ण मजकूर ओतून मग पहिल्यांदा रेंडर करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांना चूक साच्यात आहे, संगणकात आहे की स्वतःच्या परिच्छेदात, हे कळायला मार्ग नसतो.

फाइलीच्या डोक्यावर दोन तिहेरी रेघांच्या मध्ये शीर्षक, लेखक, संस्था, गोषवारा असतो. तिथे फक्त दोन गोष्टी सांभाळा. ओळी आत सरकवायला टॅब नाही, स्पेस वापरा. आणि शीर्षकात अपूर्णविराम असेल, तर सगळं शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. आपल्याकडे ‘गोदावरी: एक अभ्यास’ या थाटाची शीर्षकं फार, त्यामुळे ही चूकही फार.

कच्चा डेटा म्हणजे नेमकं काय

साचा उतरवणं हे अर्ध्या तासाचं काम. खरा वेळ इथे द्या.

नाशिकमध्ये पूर कसा मोजतात ते आठवा. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, एवढं म्हटलं की पंचवटीतल्या आजीपासून पत्रकारापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट समजते. कारण मारुती जागचा हलत नाही. कच्च्या डेटाचं फोल्डर तसं हवं. त्यातल्या फाइली एकदा भरल्या की गुणधर्मांत जाऊन ‘फक्त वाचनासाठी’ करून टाका. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलीत, कारणासकट. माझे ते बुडबुड्याचे तीन नमुने आज डेटाच्या फाइलीत आहेतच. स्क्रिप्टमधली एक ओळ त्यांना वगळते आणि त्या ओळीवर का वगळले ते लिहिलेलं आहे.

पण कच्चं म्हणजे किती कच्चं? विरघळलेला ऑक्सिजन आम्ही विंक्लरच्या पद्धतीने मोजतो. काठावरच बाटलीत मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ऑक्सिजन पक्का करायचा, प्रयोगशाळेत आम्ल घालून सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. थायोसल्फेट 0.025 नॉर्मल (हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) आणि नमुना 200 मिलिलिटर घेतला, तर ब्युरेटमधला 1 मिलिलिटर म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. हिशोब इतका सोयीचा आहे, की सगळे ब्युरेटचा आकडा सरळ ऑक्सिजन म्हणून वहीत लिहून टाकतात. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले.

आता समजा, ब्युरेटवर 5.2 आलं. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे पाणी निकषात बसलं. पण थायोसल्फेट ठेवून ठेवून मवाळ होतं. महिनाअखेर प्रमाणित केल्यावर ते 0.0238 नॉर्मल निघालं, तर तेच 5.2 गुणिले 0.0238 गुणिले 8000, भागिले 200, म्हणजे 4.95 होतं. पाणी निकषाच्या बाहेर. एका बाटलीच्या रसायनावर नदीबद्दलचं विधान उलटतं.

म्हणून आमच्या डेटाच्या फाइलीत ऑक्सिजनचा स्तंभच नाही. त्यात ब्युरेटचं वाचन आहे, नमुन्याचं आकारमान आहे, थायोसल्फेटच्या द्रावणाच्या खेपेचा क्रमांक आहे आणि त्या खेपेची नॉर्मॅलिटी वेगळ्या छोट्या फाइलीत आहे. भागाकार-गुणाकार स्क्रिप्ट करते. नॉर्मॅलिटी एका जागी सुधारली की सरासरी, तक्ता, आलेख आणि गोषवारा सगळं हलतं. तुमचा विषय द्राक्षावरचा डाऊनी रोग असेल किंवा लासलगावचे कांद्याचे भाव, हाच प्रश्न स्वतःला विचारा: उपकरणाने, डोळ्याने किंवा पावतीने दिलेला पहिला आकडा कोणता? तो साठवा.

ओघात तीन खड्डे. तारीख 03/04 अशी लिहू नका, एक संगणक ती 3 एप्रिल समजेल आणि दुसरा 4 मार्च. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने 2024-04-03 असं लिहा. ‘रामकुंड’, ‘राम कुंड’ आणि शेवटी जागा सुटलेलं ‘रामकुंड ’ ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी ठिकाणं आहेत. आणि मोजमापाच्या मर्यादेखाली गेलेल्या नमुन्यासाठी आकड्यांच्या स्तंभात ‘बीडीएल’ असं लिहिलंत, तर सबंध स्तंभ मजकूर बनतो. शून्य लिहिणं त्याहून वाईट, ते खोटं आहे. रकाना रिकामा ठेवा आणि शेजारच्या स्तंभात मर्यादेखाली असल्याची खूण करा.

निकालाचा आकडा हाताने लिहायचा नाही

साच्याची सगळी ताकद या एका सवयीत आहे. परिच्छेदात सरासरी लिहायची वेळ आली, की कीबोर्डवर टॅबच्या वरच्या कळीचं उलटं चिन्ह द्या, आर हे अक्षर, मग ज्या नावाने सरासरी साठवली ते नाव, आणि पुन्हा तेच उलटं चिन्ह. रेंडर करताना तिथे खरा आकडा येऊन बसतो. गोषवाऱ्यात आकडे हवे असतील तर त्यांची आकडेमोड आधी स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये करून घ्या आणि गोषवारा तिथूनच आकडे उचलेल असं करा. तक्ता आणि गोषवारा एकाच नावाकडून आकडा घेत असले, की ते आपसांत भांडू शकत नाहीत.

दशांशांकडे लक्ष द्या. 5.0 ला आर नुसतं 5 म्हणून छापतो, त्यामुळे एका दशांशापर्यंत मजकूर करून देणारं छोटं फंक्शन एकदाच लिहून ठेवा. आणि 2.5 ला पूर्णांक करायला सांगितलं तर आर 2 देतो, 3 नाही. बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा तो सम बाजूला नेतो. शाळेतली रीत वेगळी असल्यामुळे सहलेखक हाताने ताळा करतात तेव्हा गडबडतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मसुदा झाला की मी एक झडती घेते. क्यूएमडी फाइलीत अंक शोधत वरून खाली जाते. प्रत्येक अंकाला विचारते, तू इथे कसा? वर्ष असेल, मंडळाचा निकष असेल, रसायनाचं प्रमाण असेल तर राहू दे. मोजणीतून निघालेला असेल तर त्याच्या जागी नाव. एवढं करूनही दर निबंधात एक-दोन सापडतातच, बहुधा आलेखाखालच्या ओळीत.

आलेख आणि तक्त्यांचे क्रमांकही साच्यालाच देऊ द्या. आलेखाच्या लेबलची सुरुवात ‘फिग’ आणि आडव्या रेघेने, तक्त्याची ‘टीबीएल’ आणि आडव्या रेघेने व्हायला हवी, नाहीतर क्रमांक पडत नाही. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवून तिथून बिब ही संदर्भांची फाइल काढा. शीर्षकांतली जातींची शास्त्रीय नावं आणि नदीचं नाव महिरपी कंसात टाका, नाहीतर काही शैलींत गोदावरीचं पहिलं अक्षर लहान होऊन जातं आणि ते मला बघवत नाही. गोषवारा मराठीतही द्यायचा असेल तर पीडीएफसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा आणि नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट नाव घेऊन सांगा. जुन्या पीडीएफलाटेकला देवनागरी जमत नाही.

एक तक्रार सगळेच करतात: कन्सोलमध्ये, म्हणजे आरला थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत, चालतं, रेंडर होत नाही. कारण रेंडर दरवेळी कोऱ्या पाटीवर सुरू होतं. सकाळी कन्सोलमध्ये तयार केलेला तक्ता त्याला दिसत नाही. चीड येते खरी, पण ही अडवणूक आपल्या भल्याची आहे. फाइलीत लिहिलेलं नसूनही उत्तर येत होतं, म्हणजे वाट तुटलेली होती.

सर वर्डच मागतात

हे होणारच. माझे मार्गदर्शक आजही कागदावर लाल शाईने तपासतात आणि त्यांची तपासणी माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरहून बारीक असते. त्यांना साचा शिकवायला जाऊ नका. त्याच फाइलीतून वर्डची प्रत काढा, त्यांना द्या, आणि त्यांच्या दुरुस्त्या क्यूएमडीमध्ये स्वतः हाताने उतरवा. दुरुस्त्या थेट वर्डमध्ये स्वीकारून तीच प्रत पुढे नेलीत, तर त्या क्षणापासून तुमच्याकडे दोन निबंध आहेत आणि माझे अकरा दिवस तुमच्या वाट्याला येतील.

कुलूप, इतिहास, पत्ता

आर बदलत राहतो. 2019 मध्ये 3.6.0 आवृत्ती आली तेव्हा यादृच्छिक निवड करण्याची अंगभूत रीतच बदलली. तेच बीज, म्हणजे निवडीचा सुरुवातीचा आकडा, देऊनही जुने नमुने निघेनात. म्हणून रेन्व्ह हे पॅकेज वापरा. सुरुवातीला ‘इनिट’, निबंध पाठवताना ‘स्नॅपशॉट’. आर आणि सगळ्या पॅकेजेसच्या आवृत्त्या एका कुलूप-फाइलीत नोंदल्या जातात, आणि दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोअर’ म्हटलं की त्याच आवृत्त्यांची पॅकेजेस बसतात. आर मात्र तिथे आपल्याला स्वतः बसवावा लागतो. यादृच्छिक काही करत असाल तर बीज फाइलीतच लिहा.

बदलांचा इतिहास गिट हे सॉफ्टवेअर ठेवेल. रोज संध्याकाळी एक नोंद, आणि नोंदीत काय केलं यापेक्षा का केलं ते लिहा. निबंध स्वीकारला गेला की सबंध फोल्डर झेनोडो या ऑनलाइन संग्रहात ठेवा. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने ते 2013 मध्ये सुरू केलं, पैसे लागत नाहीत, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय हा कायमचा पत्ता मिळतो. तो पत्ता निबंधात ‘डेटाची उपलब्धता’ या मथळ्याखाली द्या. ‘मागणी केल्यास डेटा देण्यात येईल’ हे वाक्य मी माझ्या जुन्या निबंधांत लिहिलं आहे. त्या निबंधांपैकी एकाचा डेटा ज्या पेनड्राइव्हमध्ये होता तो आता उघडत नाही.

दुसऱ्याच्या संगणकावर

पाठवण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे ज्याने हा निबंध लिहिलेला नाही, त्याला तो चालवायला देणं. गेल्या हिवाळ्यात आमचा निबंध मी निफाडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला दिला. सोबत एका पानाची वाचून घ्यायची फाइल, बाकी तोंडी काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्यांदा तो बंद पडला. एका स्क्रिप्टमध्ये मी माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हचा पूर्ण रस्ता लिहून ठेवला होता. हिअर हे पॅकेज वापरून रस्ता प्रकल्पाच्या फोल्डरपासून मोजायला लावला. दुसऱ्यांदा एक फॉन्ट नव्हता. तिसऱ्यांदा पीडीएफ निघाली आणि तिने माझी प्रत शेजारी ठेवून पानापानावरचे आकडे ताडले. सगळे जुळले.

मग मी तिसऱ्या तक्त्यातल्या तपोवनच्या सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुठून आला? तिने स्क्रिप्ट उघडली, तिथून डेटाची ओळ, ओळीतून बाटलीचा क्रमांक आणि वहीचं पान. उठून कपाटातून वही काढली. पान उघडलं, तर प्रयोगशाळेतल्या मामांच्या अक्षरात होतं: सकाळी 7:10, तपोवन, पाणी संथ, वास आहे, बाटली 14, बुडबुडा नाही.